चुलीत गेलेली फारकत

आलापल्ली,
दि. २२ ऑगस्ट २०२४

धम्मदीप सर यांस,
सप्रेम जयभीम.

'सर' वाचून हसू नका. पाकीट शाळेच्या पत्त्यावर येणार. एखाद्या मॅडमनं चुकून फोडलं तर पहिल्या ओळीत तरी काही सापडू नये. पुढचं वाचलं तर माझा इलाज नाही. फोन करू नको, त्याचं रेकॉर्ड निघतं, असं तुम्हीच मे महिन्यात चंद्रपूरच्या बसस्टँडवर बजावलं होतं, म्हणून पत्र. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा तुम्हाला एक लिहिलं होतं, त्यानंतरचं हे दुसरंच. त्या पत्रातल्या चुका तुम्ही लाल पेनानं दुरुस्त करून मला परत पाठवल्या होत्या. तेव्हा तर तुमचं डी.एड.सुद्धा झालं नव्हतं.

इकडे मी बरी आहे. भामरागडच्या पुलावरून यंदा तीनदा पाणी गेलं. रस्ता बंद झाला की तिकडची माणसं इथेच अडकतात, त्यामुळे आलापल्लीत पाय ठेवायला जागा नसते. मी खैरुनभाभीच्या मागच्या खोलीत राहते. तिचं बांगड्यांचं दुकान आहे, दुकानाच्या ओसरीवर मी मशीन मांडली आहे. शाळेचे गणवेश शिवते. तुमचा गुडघा कसा आहे? बसस्टँडची पायरी उतरताना तुम्ही कठडा धरत होता. रोशनीताई आणि दोन्ही लेकरं सुखात असतील.

मंगळवारी कोर्टाची तारीख होती, हे तुम्हाला माहीत आहे. तेच सांगायला बसले आहे. पण आधी मागचं थोडं लिहू द्या. एकदम लिहायला घेतलं तर माझ्याच्यानं होणार नाही.

वामनरावांनी आमच्या घराला कुलूप लावलं तेव्हा मी बाजारात गेले होते. परत आले तर माझी ट्रंक आणि शिलाई मशीन फाटकाबाहेर. वरून ताडपत्री झाकलेली, म्हणजे मशीन भिजू नये एवढी काळजी घेतली होती. फॉरेस्टवाल्यांना मालाची काळजी असतेच. आठ दिवसांनी कोर्टाचा कागद आला. मला वाटलं, घटस्फोट मागत असतील. बल्लारपूरच्या बाईचं सगळ्या गावाला माहीत होतं, मलाही होतं. कागद घेऊन मी मदीहा वकीलबाईकडे गेले. पोरगी लहान आहे, पण समजावून सांगते. तिनं दोनदा वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"ताई, हा घटस्फोट नाई. घटस्फोट बायकोले देतेत. ते म्हणून राह्यले का तुमी त्यायची बायको कधी नव्हत्याच."

सोळा वर्षं मी त्या माणसाचे खाकी कपडे धुतले. जंगलातून आले की पाठीवरच्या गोचिड्या चिमट्यानं काढल्या. वाघाच्या बंदोबस्ताला आठ-आठ दिवस जात, तेव्हा गाडीचा आवाज येईपर्यंत जेवत नव्हते. आणि आता मी कोणीच नव्हते. सरकारी नोकराला एक असताना दुसरी करता येत नाही, म्हणून पहिलीला पुसून टाकायचं, एवढा साधा हिशेब. मला राग येतो तो हिशेबाचा नाही. राग येतो तो याचा की त्यांच्या कागदात खोटं काहीच नाही. माझं पहिलं लग्न कोर्टातून मोडलेलं नाही. कायद्यानं मी तेव्हा मोकळी नव्हते, म्हणून दुसरं लग्न लग्नच नाही. झालं.

तुम्हाला तो विहारातला दिवस आठवतो का? मला सगळा आठवतो. तुमच्या बाबांनी शंभराचा स्टॅम्प पेपर आणला होता आणि स्वतःच्या हातानं आपली फारकत लिहिली, कारण पंचक्रोशीत त्यांच्यासारखं अक्षर कोणाचं नव्हतं. पाच पंच बसले. माझे बाबा एकदाच म्हणाले, "कोर्टातून करून घेऊ का?" तर तुमचे बाबा चिडले. "आपुन कायद्याची मानसं आहोत. सरकारी कागद आहे, पाच सह्या आहेत, आनखी काय पायजे? कोर्टात गेलं का समाज हासते." भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. त्या फोटोखाली बसून, ज्या माणसानं आपल्यासाठी कायदा लिहिला त्याच्यासमोर, आपण सगळ्यांनी सरकारी शिक्क्याच्या कागदालाच कायदा समजून घेतलं. कोणाच्या मनात पाप नव्हतं, तुमच्या बाबांच्या तर नव्हतंच. सही करताना माझ्या हातातलं पेन चाललं नाही, तर तुम्ही स्वतःचं दिलंत.

कारण काय लिहिलं होतं, आठवतं? "उभयतांचे पटत नसल्याने." आपलं पटत नव्हतं! अख्ख्या गावात आपल्याएवढं कोणाचं पटत नसेल. पण खरं कारण कागदावर लिहायला कोणी तयार नव्हतं, म्हणून पटत नसल्याने.

फारकत बाईजवळ राहते, कारण पुढं लग्न करायचं तर तिलाच दाखवावी लागते. मीही दाखवली. वामनरावांच्या बहिणीनं वाचली, गावच्या लोकांनी वाचली, मग आमचं लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सासूनं, मनकर्णाबाईनं, मला चुलीपाशी बोलावलं. कागद माझ्या हातून घेतला आणि विस्तवात घातला. "जुन्याचा कागद नव्या घरात नोको व माय. आता तू माही." वामनराव दारात दात घासत उभे होते. त्यांनी पाहिलं. ती बाई माझ्यावर फार माया करायची, मरेपर्यंत माझ्या हातचं खाल्लं तिनं. आणि तिनंच मायेपोटी माझा गळा कापून ठेवला होता. मलाही त्या दिवशी बरंच वाटलं होतं. त्या कागदाचा मला धाक वाटायचा.

मदीहा म्हणते, समाजाच्या चालीनं झालेली फारकतसुद्धा कोर्ट कधीकधी मानतं. पण चाल होती हे सिद्ध करावं लागतं. पाच पंचांपैकी चार गेले. उरले दादाजी, मी त्यांना भेटायला गेले होते. लकवा मारलाय. माझ्याकडं पाहून हसले आणि मला त्यांच्या मुलीच्या नावानं हाक मारली. कागद चुलीत, पंच मातीत. बोलू शकणारे आपण दोघंच उरलो, म्हणून मी तुम्हाला निरोप पाठवला.

तुम्ही चंद्रपूरला आलात, यासाठी मी तुमची ऋणीच आहे. रसवंतीच्या बाकावर तुम्ही माझ्यापासून दोन माणसांची जागा सोडून बसलात. मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, येतो साक्षीला, सांगतो फारकत झाली म्हणून. तुम्ही म्हणालात, "म्या वकिलाले विचारलं. फारकत झाली म्हनलं अन् कोर्टानं नाई मानली, त मी दोन बायका केलेला मानूस ठरतो. जिल्हा परिषदेची नोकरी आहे. घरी बसवतीन मले."

"मंग मी काय करू जी?"

"लग्नच झालं नाई म्हनायचं. कागद नाई, फोटो नाई, नोंदनी नाई. मी तसं लिहून देतो. तूबी तेच म्हन. तुहं घर वाचते, माही नोकरी वाचते."

मी म्हटलं, "आन् बाकीचं?"

तुम्ही रसाचा ग्लास फिरवत राहिलात. "बाकीचं कोन विचारते?"

मी विचारलं, रोशनीताईंना माहीत आहे का. तर म्हणालात, "लग्नाचं माहीत आहे. बाकीचं नाई."

मी हो म्हटलं. हे मी लपवणार नाही. तुमच्या जबरदस्तीनं नाही, माझ्या मनानं हो म्हटलं. बेचाळीस वर्षांची बाई, आईबाप नाहीत, भाऊ विचारत नाही, मशीन कोणाच्या तरी ओसरीवर. ते घर मी उभं राहून बांधून घेतलं होतं, पायाच्या दगडापासून. त्या घरात मरावं एवढीच माझी अपेक्षा होती. शिवाय तुमची दोन लेकरं. माझ्यापायी त्यांच्या तोंडचा घास जाऊ नये, असंही वाटलं. मदीहाला सांगितलं तर ती म्हणाली, "मी तुमाले खोटं बोला म्हनू शकत नाई. खरं बोलल्यावर काय होईल तेवढंच सांगू शकतो." आणि सांगितलं.

मग आमची तालीम सुरू झाली. खैरुनभाभी बांगड्या मोजता मोजता वामनरावांचा वकील व्हायची. "तुम्हारा पहला शादी हुआ था के नहीं?" मी म्हणायची, "नाई जी." "जोर से बोलनेका. चोरी किया क्या?" "नाई जी!" ती हसायची, मीही हसायची. गिऱ्हाईक आलं तर तेही थांबून ऐकायचं. पंधरा दिवसांत मला इतकं पाठ झालं की, आपलं सिंदेवाही कुठं आहे, हेसुद्धा मला माहीत नाही असं मी तोंड वर करून सांगू शकले असते.

मंगळवारी सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात मदीहानं तुमचं प्रतिज्ञापत्र मला वाचायला दिलं. आदल्या दिवशीच आलं होतं. "सदर स्त्रीशी माझा कधीही विवाह झालेला नाही." ते आपलं ठरलंच होतं. पुढची ओळ ठरली नव्हती. "व तिच्यापासून मला कोणतेही अपत्य झालेले नाही."

ही ओळ तुम्हाला कोणी लिहायला सांगितली? वकिलानं सांगितली असेल तर तुम्ही सही करण्याआधी वाचली होती का? तुम्ही तर माझ्या पत्रातली वेलांटीसुद्धा सोडत नव्हता.

तरीसुद्धा मी खोटंच बोलणार होते. तुमच्यावर चिडून मी काही केलं असं समजू नका. मी पिंजऱ्यात उभी राहिले, शपथ घेतली आणि सगळं पाठ केल्याप्रमाणे सांगितलं. पहिलं लग्न? नाई जी. धम्मदीप दुर्गे यांना ओळखता? नाई जी. माझा आवाज खणखणीत होता. वामनराव खाली पाहत होते. त्यांचा वकील म्हातारा, सौम्य माणूस आहे, त्यानं फारसं ताणलंही नाही. कागद मिटले. मला वाटलं, संपलं. मदीहानं सुद्धा मान हलवली. मग त्या म्हाताऱ्यानं चष्मा वर करून, घरी आलेल्या पाहुणीला विचारावं तसं विचारलं, "बाई, तुमाले लेकरूबाळ किती?"

त्यात काही डाव नव्हता. वामनरावांपासून मला काही झालं नाही, हे त्याला माहीत होतं. तेवढंच नोंदवून घ्यायचं असेल. याची तालीम आम्ही केली नव्हती. 'नाई' म्हणायचं होतं फक्त. मी तोंड उघडलं. आणि सर, मला ते 'नाई' सापडेचना. चार वर्षं दोन महिने माझ्या कडेवर होता तो. थंडी पडली की हातपाय धरून ओरडायचा. मी गरम पाण्याचा शेक द्यायची, तुम्ही त्याला पाठीवर घेऊन दवाखान्याला पळायचात. डॉक्टरांनी आपल्या दोघांचं रक्त तपासलं आणि सांगितलं, दोघांतही सिकलसेल आहे, म्हणून लेकराला झालं, पुढच्यालाही होऊ शकेल. तो गेला तेव्हा मी त्याच्या पायात मोजे घालूनच माती द्या म्हटलं होतं. तुमचे बाबा नको म्हणत होते. तुम्ही घातलेत. उमा नदीच्या काठावर, पळसाखाली. आणि मग वर्षभरानं सगळी शहाणी माणसं बसली आणि ठरवलं की, यांचं रक्त जुळत नाही, यांना वेगळं करा, दोघांचेही संसार दुसरीकडे नीट होतील. आपणही मान डोलावली. मला वाटलं होतं, तुम्ही नाही म्हणाल. तुम्हाला वाटलं असेल, मी म्हणेन. ही गोष्ट मी सतरा वर्षांत कोणाला बोलले नाही.

मी म्हटलं, "एक होता."

वकील म्हणाला, "कोनापासून?"

"माह्या पयल्या नवऱ्यापासून. धम्मदीप दुर्गे. लगन लावून."

मदीहानं डोळे मिटले. वामनरावांनी पहिल्यांदा वर पाहिलं. त्यांना आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं, पण तसं काही दिसलं नाही. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी मला बसायला स्टूल द्यायला लावलं, पाणी दिलं आणि विचारलं की आधीची उत्तरं खरी की हे खरं? मी म्हटलं, हे. नीट विचार करून सांगा, तुमच्याच विरुद्ध जाईल, असंही त्या म्हणाल्या. मी पुन्हा हेच सांगितलं.

तेव्हा घर गेलं. मदीहा म्हणते, अजून निकाल यायचा आहे, फारकतीची चाल होती असं आता सांगता येईल, पण खोटी शपथ घेतलेल्या बाईवर कोर्ट किती विश्वास ठेवणार, तेही तीच म्हणते. खैरुनभाभी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. काल रात्री जेवणाचं ताट आणून ठेवलं आणि "पागल" म्हणून निघून गेली. मी जेवले नाही. मला कशातच राम वाटत नाही. ज्याच्यासाठी बोलले तो येणार नाही, ज्यांच्यासाठी गप्प राहायचं होतं त्यांचं वाटोळं केलं, आणि मी स्वतः कुठलीच उरले नाही. कायद्यानं पाहिलं तर मी अजून तुमची बायको आहे, आणि तुमच्या घरात माझ्या नावाचं एक भांडंसुद्धा नाही.

आता कामाचं लिहिते, नीट वाचा. तुमचं प्रतिज्ञापत्र खोटं ठरलं आहे. तुम्हाला समन्स येईल. शाळेतही कळेल, वामनराव गप्प बसणाऱ्यांतले नाहीत. नोटीस दारात यायच्या आधी रोशनीताईंना सगळं सांगा. दुसऱ्याकडून कळलं तर त्या बाईला उभं राहायला जागा राहणार नाही. तिच्याही लग्नाला तोच फारकतीचा किडका खांब आहे, आणि तिचा काही गुन्हा नाही. चांगला वकील पाहा, पहिलाच पुन्हा घेऊ नका. आणि दोन्ही लेकरांचं रक्त तपासून घ्या. ते तुम्ही केलं नसेल, कारण करायचं तर का ते सांगावं लागलं असतं. माझ्यावर राग धरा, पण हे करा.

मी माफी मागावी असं वाटतं आणि लिहवत नाही. तुम्हाला बुडवायला मी बोलले नाही. पण तुम्ही बुडणार, हे कळत असूनही दुसऱ्यांदा विचारल्यावर मी तेच बोलले. मला पुन्हा त्या स्टुलावर बसवलं तर पुन्हा तेच बोलेन. हे तुम्ही मला कधी माफ करणार नाही, आणि तुमच्या जागी मी असते तर मीही केलं नसतं.

सगळ्यात शेवटी टाइप करणाऱ्या मुलीनं अपत्याचं नाव विचारलं. मी सांगितलं, सम्यक धम्मदीप दुर्गे. त्याचा जन्म घरी झाला, दाखला काढायचं राहूनच गेलं. फारकतीत त्याचं नाव नव्हतं. तुमच्या प्रतिज्ञापत्रात तो झालाच नव्हता. तिनं विचारलं, हयात की मयत? मी म्हटलं, मयत. तिनं टाइप केलं. मग कागद पुढे सरकवून सही करा म्हणाली. कोणाची बायको म्हणून सही करायची, ते मला समजेना. मी नुसतं नाव लिहिलं. इथं मात्र पूर्ण लिहिते.

सम्यकची आई,
दीपाली